शेवट विसरून या: खऱ्या सैनिकाची भूमिका करणाऱ्या नटांना खुलं पत्र

युद्धपटांत खऱ्या सैनिकांच्या भूमिका करणाऱ्या सर्व नटांना, आणि त्यांना 'पाच दिवसांत फौजी करून द्या' म्हणत आमच्यासारख्यांच्या ताब्यात देणाऱ्या निर्माते-दिग्दर्शकांना,

सप्रेम नमस्कार.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं रंगरुटांना शिकवण्यात गेली, त्यामुळे 'उस्ताद' ही हाक नावापेक्षा जास्त ऐकली आहे. निवृत्तीनंतर एका सिनेमासाठी सल्लागार म्हणून बोलावणं आलं. त्या सिनेमाचं किंवा त्यातल्या कुणाचंही नाव इथे घेत नाही, कारण मला जे बोलायचंय ते त्या एका सिनेमापुरतं नाही. खऱ्या जवानाची गोष्ट होती, नायकाचं काम करणारा मुलगा मनापासून शिकणारा होता आणि माझ्या हातात पाच दिवस होते. तेव्हापासून जे साठलंय ते आज लिहून मोकळा होतो.

असा सिनेमा जाहीर झाला की आधी एक फोटो येतो. जिममधला. बनियन काढलेला नट, घामाने चमकणारे दंड आणि खाली ओळ: जवानाच्या भूमिकेसाठी कसून मेहनत. त्या मेहनतीची मी थट्टा करणार नाही, तेवढा घाम गाळायला जिद्द लागते. पण असे फोटो आमच्या जुन्या लोकांच्या गटात फिरतात तेव्हा तिथे हशा पिकतो, हेही सांगून टाकतो. उंचावरच्या चौकीत तीन महिने काढून जवान खाली उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर मांस उरलेलं नसतं. वर भूकच मरते. ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली, पँट पट्ट्यात गोळा करून कशीबशी अडकवलेली. दंडाच्या बेटकुळ्या घेऊन तिथून कुणी उतरल्याचं मी पाहिलं नाही.

शरीर कमवू नका असं माझं म्हणणं नाही. कुणाचं शरीर कमवताय, तेवढं आधी विचारा. मुरलीकांत पेटकर फौजेतले खेळाडू. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहून सुवर्णपदक घेऊन आले. 2024 च्या सिनेमात त्यांची भूमिका करणाऱ्या कार्तिक आर्यनने शरीरावर कष्ट घेतले ते योग्यच होतं, त्या माणसाची कथाच शरीराची आहे. अमेरिकेचा नेमबाज ख्रिस काइल आडव्या बांध्याचा गडी होता, म्हणून सिनेमात त्याची भूमिका करणाऱ्या ब्रॅडली कूपरने सुमारे 18 किलो वजन वाढवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. याच कूपरने काइलबरोबर इराकमध्ये लढलेल्या एका माजी सहकाऱ्याकडून धडे घेतले आणि तो सहकारी त्या सिनेमात स्वतःच्याच भूमिकेत उभा राहिला, याची फारशी बातमी होत नाही. माझ्या मते त्या 18 किलोपेक्षा या माणसाचं वजन जास्त.

माझ्याकडे आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी रायफल दिली, तर त्याने ती ओटीचा नारळ घेतल्यासारखी दोन्ही हात पुढे करून घेतली. मी म्हटलं, आज गोळी नाही, धावणं नाही, एकच काम. रायफल हातात आली की मॅगझीन काढायचं, कॉक करायचं, चेंबरमध्ये बघायचं. ती रिकामी आहे असं मी सांगितलं तरी बघायचं, साक्षात जनरलसाहेबांनी सांगितलं तरी बघायचं. ड्रिलमध्ये याला 'जाँच शस्त्र' म्हणतात. दिवसभर तेच. दुपारी तो कंटाळला, संध्याकाळी वैतागला, दुसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड आला. तिसऱ्या दिवशी आम्ही उभे राहून गप्पा मारत होतो आणि युनिटच्या एका पोऱ्याने जाता जाता त्याच्या हातात रायफल दिली. तो बोलत माझ्याशी होता, हात आपलं काम करत होता. मॅगझीन निघालं, कॉक झाली, मान किंचित वाकून चेंबर बघून झालं आणि वाक्य कुठेही तुटलं नाही. त्याला स्वतःला कळलंही नाही. मी काही बोललो नाही, मनात म्हटलं, चला, एक हात तरी भरती झाला.

सैनिक हा असा हातात असतो. पडद्यावर दोन सेकंद दिसणारा हात खोटा पडला की आमच्यासारखा प्रेक्षक तिथेच उठतो, भले खुर्चीत बसलेला असो. नेम धरायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरवर नसतं, गार्डच्या बाहेर सरळ ठेवलेलं असतं. सिनेमात नायक ट्रिगरवर बोट ठेवून मित्राच्या गळ्यात पडतो. शूटिंगला ब्लँक राउंड, म्हणजे पुढे गोळी नसलेली काडतुसं, वापरतात, त्यात धक्का जवळजवळ नसतो, म्हणून तो धक्का अभिनयात आणावा लागतो. त्यासाठी खरी फायरिंग रेंज एकदा तरी अंगावर घ्या. खांद्यावर निळा डाग पडू द्या. फायरिंग झाल्यावर गवतात वाकून रिकामे खोखे, म्हणजे काडतुसांची टरफलं, वेचा आणि मोजून जमा करा. एक कमी पडला की सगळी रांग उन्हात पुन्हा वाकते. सिनेमात हे कधी दाखवणार नाहीत, पण ज्याने खोखे वेचले आहेत तो गोळी वेगळ्या तऱ्हेने चालवतो.

मग काळाचा प्रश्न येतो. 1962 च्या नोव्हेंबरात, चीनच्या युद्धात, लडाखमधल्या रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली 13 कुमाऊं पलटणीची कंपनी लढली, तेव्हा जवानांकडे .303 रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुढची गोळी. हाडं गोठवणाऱ्या थंडीत. जाड हातमोजा घालून तो बोल्ट ओढून बघा, मग हातमोजा काढून बघा, आणि मग ठरवा तुमचा जवान काय करेल. या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना तुम्हाला अख्खी भूमिका सापडू शकते. पुढच्या वर्षी तिथल्या बर्फात मृतदेह सापडले तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्रं तशीच होती, आणि नर्सिंग असिस्टंटच्या हातात इंजेक्शनची सिरिंज. त्या माणसाची भूमिका करायला कुणी आला तर त्याने रायफलीकडे नंतर यावं. आधी थिजलेल्या बोटांनी सिरिंज भरायला शिकावं.

सलामीचं थोडक्यात उरकतो, कारण ही चूक सुधारायला दहा मिनिटं लागतात आणि तरी ती होते. भारतीय लष्करात तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात तळवा खाली असतो, हवाई दलात 2006 पासून हात तिरका. आणि लष्करात डोक्यावर टोपी-बेरे नसेल तर हाताने सलामी नाही. उघड्या डोक्याने कडक सलाम ठोकणारे हिरो पाहिले की ड्रिल उस्तादाच्या पोटात गोळा येतो. माझ्या दिग्दर्शकाला भर लढाईत हेल्मेट काढलेलं हवं होतं, चेहरा दिसावा म्हणून. मी म्हटलं, साहेब, मग तो चेहरा पुढच्या सीनमध्ये नसेल. त्यांना तो विनोद वाटला.

नटांना फौजी करायच्या शिबिरांविषयी तुम्ही मला नेहमी विचारता. परदेशात ही पद्धत रुळली ती डेल डाय या माणसामुळे. व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन, कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. 1986 च्या 'प्लाटून'साठी त्याने नटांना फिलिपिन्सच्या जंगलात नेऊन खड्डे खणायला लावले आणि त्याच खड्ड्यांत झोपवलं. अंघोळ नाही, पोटभर जेवण नाही, रात्री पाळीने पहारा. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनही स्वतः व्हिएतनामला लढून आलेला, त्यामुळे त्याला नेमकं काय हवंय ते माहीत होतं. त्याला हवा होता थकवा. नटाला मरगळलेला चेहरा करता येतो. पण खरोखर झोप न झालेल्या माणसाचा राग क्षुल्लक गोष्टीवर कसा निघतो, ते करून दाखवता येत नाही, आपसूक होतं.

पुढे 1998 च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ला डायनेच शिबिर घेतलं, आणि तिथली एक युक्ती मला फार आवडते. ज्या सैनिकाला शोधायला तुकडी निघते ती भूमिका करणाऱ्या मॅट डेमनला शिबिरातून मुद्दाम वगळलं. बाकीचे चिखलात लोळत असताना हा आरामात. त्याच्याबद्दल इतरांच्या मनात अढी बसावी, आणि कथेला तीच अढी हवी होती. याला म्हणतात तयारी. त्याच शिबिरात नट इतके वैतागले की सोडून जावं का यावर मतदान झालं म्हणतात, आणि टॉम हँक्सने त्यांना थांबवलं. वाचून मी मनसोक्त हसलो. आमच्याकडे मतदान नसतं हो. शिबिर कितीही कडक असलं तरी त्याला दार असतं आणि ते आतून उघडतं, हे नटाने विसरू नये. दहा दिवस चिखलात काढून 'आता मला सैनिकाचं आयुष्य कळलं' अशी मुलाखत देणारा भेटला की मी पेपर मिटतो.

आपल्याकडच्या पहाडी युद्धपटांत एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे श्वास. कारगिलच्या युद्धात गाजलेल्या पॉइंट 5140 या शिखराच्या नावातला आकडा मीटरमधल्या उंचीचा आहे. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा मिळतो. म्हणून फौजेत वर चढवण्याआधी माणसाला टप्प्याटप्प्याने मुरवतात, पहिल्या टप्प्यात सहा दिवस, मग चार, मग पुन्हा चार. एवढं मुरल्यावरही पाठीवर पिठ्ठू आणि हातात चार किलोवरची रायफल घेऊन चढताना माणूस बोलत नाही. इशारे करतो. बोललाच तर तीन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. आणि पडद्यावर बघावं तर नायक कडा चढून जातो आणि लगेच शत्रूला दीड पान ऐकवतो.

मी त्या मुलाला सांगितलं, तुझा मोठा डायलॉग पाठ कर, मग या टेकडीवर पळत जा आणि वर पोहोचताच म्हण. तीनदा गेला. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून डायलॉगमधले फक्त चार शब्द बाहेर पडले, तेही उलटसुलट. त्याने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. लेखकाला सांगून ते भाषण कापायला तो स्वतः गेला. नटाने स्वतःचा डायलॉग कापून मागितला, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. अर्धं भाषण कापलं गेलं. उरलेलं अर्धं दिग्दर्शकाने ट्रेलरसाठी ठेवलं.

चौथ्या रात्री त्याला संतरी ड्यूटीवर उभं केलं. दोन तास. फोन माझ्या खिशात. काही घडणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. पहिला अर्धा तास तो सिनेमातल्या संतरीसारखा उभा होता, छाती पुढे, नजर धारदार. मग पाय दुखले. मग कंटाळा आला. मग डास. दीड तासाने मी मागच्या बाजूने मुद्दाम झुडपात खसखस केली. 'थम! कौन आता है!' हे शब्द त्याला शिकवले होते, पण त्याच्या घशातून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. सकाळी म्हणाला, ''उस्ताद, मी काल घाबरलो नव्हतो. मी घरच्या वीजबिलाचा विचार करत होतो आणि एकदम आवाज आला.'' त्याला म्हटलं, लिहून ठेव हे. पहाऱ्यावरचा माणूस देशाचा विचार करत उभा नसतो. त्याच्या डोक्यात बिलं असतात, भावाचं लग्न असतं, गेल्या वेळी घरी झालेलं भांडण असतं. आणि मग एकदम आवाज येतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. खऱ्या सैनिकाची भूमिका करताना तुम्हाला एक गोष्ट माहीत असते जी त्याला कधीच माहीत नव्हती. तुम्हाला शेवट माहीत असतो. पटकथेचं शेवटचं पान तुम्ही आधी वाचलेलं असतं आणि त्याची सावली पहिल्या सीनपासून तुमच्या चेहऱ्यावर पडते. आईचा निरोप घेताना डोळे भरून येतात. मित्राच्या खांद्यावर हात जरा जास्त वेळ राहतो. मुलीच्या फोटोकडे अशी नजर टाकता की मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं, हा काही परत येत नाही. खरा माणूस निरोप घेताना ट्रेन चुकेल म्हणून घाईत असतो.

कॅप्टन विक्रम बत्रांची कारगिलमधली मुलाखत तुम्ही पाहिली असेल, सगळ्यांनीच पाहिली आहे. पॉइंट 5140 घेतल्यानंतरची. त्यांच्यावर सिनेमा आला 2021 मध्ये, सिद्धार्थ मल्होत्राला ही चित्रफीत हाताशी होती, शिवाय बत्रांचे जुळे भाऊ होते. अशी सामग्री फार थोड्या नटांच्या नशिबात असते. ती मुलाखत आवाज बंद करून बघा. दाढी वाढलेला 24 वर्षांचा पोरगा, अवघड पेपर सोपा गेल्यासारखा खुशीत. विजयाची खूण म्हणून त्याने ठरवलेले शब्द कुठले, तर शीतपेयाच्या जाहिरातीतले, 'ये दिल मांगे मोअर'. बलिदानाच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस असली खूण ठरवत नाही. 7 जुलै 1999, त्याच्या मरणाचा दिवस, त्याच्या पुढे आहे, आणि त्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. आपल्याला रडू येतं ते त्यामुळेच. नटाने आधीच रडून घेतलं तर आम्ही काय करायचं?

आणि सगळे मरत नाहीत, हेही लिहून ठेवा. लोंगेवालाच्या 1971 च्या लढाईतले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड. 1997 च्या 'बॉर्डर'मध्ये सुनील शेट्टीने केलेलं हे पात्र वीरमरण पत्करतं. खरे भैरोंसिंग त्यानंतर पंचवीस वर्षं जगले, 2022 च्या डिसेंबरात गेले. देशभर लोक ज्याच्यासाठी थिएटरात रडले तो माणूस आपल्या घरी बसलेला होता. लेखकाला मरण सोयीचं वाटलं असेल. पण ती भूमिका करणाऱ्याने एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. बसला असता तर कदाचित त्या माणसाचा खरा प्रसंग सापडला असता, जगून राहण्याचा. तो करायला मरण्यापेक्षा अवघड.

किती अवघड, ते ऑडी मर्फीवरून कळेल. दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक पदकं मिळवलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी एक, 1955 च्या सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केली. तयारीची गरज नाही असा एकमेव नट म्हणायचा. पण हा माणूस उशाखाली भरलेलं पिस्तूल घेऊन झोपायचा, रात्री दचकून उठायचा, आणि पडद्यावर मात्र जे होतं ते त्या काळच्या बेताचं, नीटनेटकं. ज्याने सगळं भोगलं त्यालाही ते सगळं कॅमेऱ्यासमोर आणता आलं नाही, किंवा आणू दिलं नाही.

आपल्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणेंवर चांगला सिनेमा निघावा अशी माझी जुनी इच्छा आहे. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा, अधिकारी. एप्रिल 1948, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता, शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली. रणगाडे पुढे सरकायला हवे होते. 8 एप्रिलला मांडीला जखम झाली तरी राणे थांबले नाहीत. एका टप्प्यावर ते रणगाड्याच्या पोटाखाली, दोन्ही पट्ट्यांच्या मधून सरपटत पुढे गेले आणि दोऱ्या ओढून वरच्या ड्रायव्हरला थांब-चल असे इशारे देत राहिले. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले सैनिक. मेजर होऊन निवृत्त झाले, 1994 पर्यंत जगले.

ही भूमिका तुमच्याकडे आली तर जिममध्ये काय करणार? मी सांगतो काय करा. डोळे बांधा आणि मातीत पुरलेली वस्तू बोटांनी शोधा, कडा चाचपा, हलकेच माती सरकवा. दहा दिवस एवढंच. मग एखादा अवजड ट्रक सुरू करून त्याच्या शेजारी आडवे पडा आणि इंजिनाची थरथर जमिनीतून बरगड्यांत येऊ द्या. आणि मग विचार करा, वरचा ड्रायव्हर तुम्हाला दिसत नाही, तुम्ही त्याला दिसत नाही, मधे फक्त दोरी. तो ड्रायव्हर कोण होता, त्याच्यावर तुमचा किती भरवसा होता? राणेंची भूमिका करणाऱ्याने त्या ड्रायव्हरची भूमिका करणाऱ्याशी आधी मैत्री करावी. दोघांना एकत्र राहू द्या, एकाच खोलीत, निर्माते साहेब. व्हॅनिटी व्हॅन दोन कशाला?

घरच्यांना भेटायला जाल तेव्हाचं एक सांगतो. जाताना कॅमेरा नेऊ नका. पहिल्या भेटीत 'शेवटचा फोन कधी आला होता' हे विचारू नका, ते त्यांनी शंभर जणांना सांगितलेलं असतं आणि सांगून सांगून ते गुळगुळीत झालेलं असतं. चहा कसा प्यायचा ते विचारा. राग आला की काय करायचा, पैशाला कसा होता, गाणं म्हणायचा का, बेसूर म्हणायचा का. आईला विचारलंत तर ती चांगलंच सांगेल, म्हणून धाकट्या भावालाही विचारा. हयात असेल तर त्या माणसाकडे जा. डेमियन लुइसने 'बँड ऑफ ब्रदर्स' या 2001 च्या मालिकेत मेजर रिचर्ड विंटर्स केले, तेव्हा विंटर्स हयात होते आणि दोघांची ओळख झाली. त्या मालिकेच्या भागांच्या सुरुवातीला खरे म्हातारे सैनिक बोलतात, पण कोण कोण ते शेवटच्या भागापर्यंत सांगितलेलं नाही. नट आणि माणूस यांची गाठ प्रेक्षकाने आपण होऊन मारायची. मला त्यातला अदब आवडला.

त्याच वर्षी सोमालियातल्या मोगादिशूच्या लढाईवर 'ब्लॅक हॉक डाऊन' हा सिनेमा आला. रेंजर्सची, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या खास तुकडीतल्या सैनिकांची, कामं करणारे नट अमेरिकेत फोर्ट बेनिंगला आठवडाभर खऱ्या रेंजर्सच्या हाताखाली होते. शेवटच्या दिवशी त्यांच्या दाराखालून कुणीतरी निनावी पत्रं सरकवली. मेहनतीबद्दल आभार, आमची गोष्ट खरी सांगा एवढंच मागणं, आणि खाली सह्यांच्या जागी त्या लढाईत मेलेल्यांची नावं. माझं पत्र त्याच्यापुढे फार लांबलं आहे, कळतंय मला.

शेवटच्या दिवशी माझ्या मुलाने मला जे विचारलं ते सगळे नट विचारतात. ''उस्ताद, शेजारचा साथीदार पडतो तेव्हा काय वाटतं?''

मी त्याला खरं सांगितलं. माझा बडी पडला तेव्हा मी त्याच्या पाउचमधली मॅगझीन्स काढून घेतली. तीन होती. माझ्याकडची संपत आली होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही, पाउचचं बटण आठवतं, ते घट्ट होतं आणि उघडेना. वाटणं वगैरे सगळं तीन आठवड्यांनी आलं, तेही खाली, ऑफिसच्या खोलीत. गेलेल्या माणसाचं सामान घरी पाठवण्याआधी त्याची यादी होते, त्यासाठी कमिटी बसते, कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट. मी तेव्हा लान्स नायक. ट्रंक उघडून एकेक वस्तू काढून पुकारायचं काम माझ्याकडे होतं. बनियन, तीन. कॅनव्हास बूट, एक जोड. दाढीचं सामान, एक. घड्याळ, बंद, एक. पॉलिशची डबी, अर्धी. साहेब म्हणाले, अर्धी लिहू नका, नुसती डबी लिहा. मग एक वही निघाली. पुढच्या पानांवर हिशेब, मागच्या पानांवर उधारी, कुणाकडून किती यायचे ते. एका ओळीत माझं नाव होतं आणि पुढे दीडशे. मी विसरूनच गेलो होतो. त्याने नावाखाली रेघ मारली होती, म्हणजे पगार झाला की मागणार होता. क्लार्कने विचारलं, हे काय लिहू? साहेबांनी सांगितलं, वही, एक, वापरलेली.

तो मुलगा बराच वेळ गप्प बसला होता. नंतर शूटिंगच्या वेळी त्याने गस्तीला निघण्याच्या सीनमध्ये आपल्या मनाने एक वाक्य घातलं. निघता निघता वळून शेजारच्याला म्हणाला, ''आल्यावर माझे पैसे दे.'' समोरच्या नटाला हे ठाऊक नव्हतं, तो खरंच ओशाळला. आमच्या जवळ उभे असलेले दोन लाइटमन हसले. दिग्दर्शकांनी ते वाक्य एडिटमध्ये काढलं. म्हणाले, त्यातून काही पुढे जात नाही, आणि अशा वेळी नायक पैशाचं बोलतो हे बरं दिसत नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी तिकीट काढून एकटाच गेलो. तो सीन आला. मागे बासऱ्या, ढग, संथ चालणारे जवान, सगळं मोठं मोठं. वाक्य नव्हतं. पण वाक्याच्या आधीचा तुकडा तसाच राहिला होता. मुलगा वळतो, बोलायला तोंड उघडतो आणि त्याचा डावा हात शर्टाच्या खिशावर जातो. वही आहे ना, ते चाचपतो आणि हात खाली घेतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार